गॅस तीनदा बघणाऱ्यांसाठी

परवा शाळेच्या ग्रुपवर तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरत आला. सप्टेंबर २०१८, जेट एअरवेजचं मुंबई-जयपूर विमान, छतातून लोंबणारे मास्क. १६६ प्रवासी, त्यातल्या तीसेक जणांना त्रास झाला. कोणाच्या नाकातून रक्त, कोणाच्या कानातून. विमान मुंबईला परत आलं. केबिनमधला हवेचा दाब राखणारा स्विच लावायला वैमानिक विसरले, असं डीजीसीएने, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाने सांगितलं. त्यावर आमच्या एका मित्राने लिहिलं, "माझी आई गावाला निघताना गॅस तीनदा बघते. यांना एक बटण आठवत नाही?"

हसलो मीही. पण 'विसरले' म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो, आणि माझं भांडण तिथेच आहे.

विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरची असते. आपली कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे खिडकीशी बसून बाकरवडी खाताना आपण कळसूबाईच्याही वर असतो, ते पाकीट टम्म फुगतं ते उगाच नाही. बहुतेक विमानांत ही हवा इंजिनातून घेतात आणि गार करून केबिनमध्ये सोडतात. तो पुरवठा बंद राहिला, तर विमान चढतं तशी आतली हवाही विरळ होत जाते.

आता १४ ऑगस्ट २००५. हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला निघालं. आदल्या रात्रीच्या तक्रारीमुळे तंत्रज्ञांनी दाबाची चाचणी घेतली होती आणि दाबाचा खटका 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर नेला होता. तो तिथेच राहिला, म्हणजे दाब आपोआप राखला जाणार नव्हता. वैमानिकांना तो दिसायला हवा होता तीन वेळा: उड्डाणपूर्व तयारीत, इंजिन सुरू करण्याआधीच्या तपासणी-यादीत (चेकलिस्ट), उड्डाणानंतरच्या यादीत. तिन्ही वेळा निसटला. मित्रा, तीनदा!

बरं, भोंगा वाजला. वेळेवर वाजला. पण त्या विमानात दाब कमी झाल्याचा भोंगा आणि जमिनीवर असताना 'उड्डाणाची मांडणी चुकली' सांगणारा भोंगा, दोन्हींचा आवाज एकच! वैमानिकांना तो दुसरा वाटला. ते जमिनीवरच्या इंजिनिअरशी बोलत राहिले आणि विमान चढत राहिलं.

प्राणवायू कमी पडला की माणूस गुदमरून तडफडत नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. आधी जाते ती अक्कल. थोडी चढल्यासारखं होतं, सगळं ठीक चाललंय असं वाटतं. जमिनीवरून त्यांना तोच दाबाचा खटका 'ऑटो'वर आहे का असं विचारलं गेलं होतं, आणि कॅप्टनने उत्तरादाखल दुसऱ्याच कुठल्यातरी सर्किट ब्रेकरची चौकशी केली. थोड्याच वेळात दोघेही बेशुद्ध. विमान ३४,००० फुटांवर ऑटोपायलटच्या भरवशावर अथेन्सच्या आकाशात घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ लढाऊ विमानं शेजारी गेली, तर कॅप्टनची खुर्ची रिकामी आणि सहवैमानिक कोसळलेला. शेवटी केबिन क्रूमधला एक जण कॉकपिटमध्ये पोचलेला दिसला, पण तोवर इंधन संपत आलं होतं. विमान कोसळलं. १२१ माणसं गेली.

इथे 'वैमानिक विसरले' एवढं लिहून फाइल बंद करता आली असती. चौकशी करणाऱ्यांनी तसं केलं नाही. एका भोंग्याला दोन अर्थ का, हेही विचारलं. पुढे ७३७ मध्ये दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे आले. जयपूरच्या बातमीनंतर आपण मात्र रक्ताळलेल्या रुमालांचे फोटो पाहिले, वैमानिकांना शिव्या घातल्या, आणि ते कामावरून दूर झाल्यावर गप्प बसलो. पुढे काय बदललं, हे आपल्यापैकी कोणी विचारलं? मीही नाही.

यादी रोज वाचली की डोळे नुसते फिरतात, दिसत काहीच नाही. याचा पुरावा हवा असेल तर त्याच मित्राची आई. मागच्या मे महिन्यात कोकणात जाताना काकूंनी गॅस तीनदा बघितला होता. तरी पनवेलला पोचल्यावर चुटपुट लागली, म्हणून शेजाऱ्यांना फोन करून कुलूप उघडायला लावलं. गॅस बंदच होता. गिझर चालू होता.