‘जे’ घ्यावे की ‘के’?

घरात एकच रिव्हॉल्वर येईल आणि त्याच्या आधी तिजोरी येईल, या दोन अटींवर बायकोने परवानगी दिली, तेव्हा या प्रकरणातला अवघड भाग संपला, अशी माझी समजूत झाली. टेक्सासमध्ये वीस वर्षे काढूनही मी शस्त्रांपासून चार हात दूर राहिलो होतो. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला आमच्या पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि एक पान्हा एवढेच मांडले जाई. परंतु एका सहकाऱ्याच्या आग्रहाने दोन रविवार नेमबाजीच्या रेंजवर काय गेलो, कागदाच्या चकतीला भोके पाडण्याचा छंदच जडला.

तिजोरीची अट मी लगोलग पूर्ण केली. आकडे दाबून उघडणारी, आतून साडेआठ इंच लांब आणि सहा इंच रुंद अशी एक आटोपशीर पोलादी पेटी आणून पलंगाखाली बोल्टांनी घट्ट बसवली. रिव्हॉल्वर म्हणजे हातभर तोफ थोडीच असते, असा त्यामागचा विचार होता. हा विचार पुढे मला चांगलाच भोवला.

ह्यूस्टनबाहेरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात जुन्या मालाच्या कप्प्यात स्मिथ अँड वेसनची दोन रिव्हॉल्वरे शेजारी शेजारी ठेवलेली होती. दोन्ही काळसर निळ्या पोलादाची, दोन्ही अडतीस स्पेशल काडतुसाची आणि किमतीत फरक अवघ्या पंचाहत्तर डॉलरचा. एक होते मॉडेल ३६, म्हणजे ‘जे’ फ्रेमचे (फ्रेम म्हणजे रिव्हॉल्वरचा सांगाडा), दोन इंची नळीचे आणि पाच गोळ्यांचे. दुसरे होते मॉडेल १०, म्हणजे ‘के’ फ्रेमचे, चार इंची नळीचे आणि सहा गोळ्यांचे.

बनियनवरसुद्धा लहान, मध्यम, मोठा अशी सरळ मापे छापलेली असतात. या कंपनीने मात्र आपल्या सांगाड्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत ‘जे’, ‘के’, ‘एल’ आणि ‘एन’ अशी नावे दिली आहेत. मधला ‘एम’ कुठे गेला, असे मी विचारले, तेव्हा पांढऱ्या मिशांचे दुकानदार आजोबा खुलले आणि ‘एम’ हा बावीस बोअरचा, म्हणजे बारीक नळीचा, एक चिमुकला सांगाडा होता व तो शंभर वर्षांपूर्वीच बंद पडला, असे त्यांनी आपल्या घरातलेच कोणी गेल्यासारख्या स्वरात सांगितले. पुढे कळले, की अडतीस स्पेशलमधले अडतीस, म्हणजे इंचाचे अडतीस शतांश, हेही खरे नाही. गोळीचा खरा व्यास इंचाचे ३५७ हजारांश इतकाच असतो. अडतीस हा आकडा जुन्या काळी काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या बाहेरच्या मापावरून पडला आणि चिकटून राहिला. पुण्यात शिकलेल्या मला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर म्हणून भाड्याने घेतलेल्या खोलीची यावरून आठवण झाली.

दोघांचीही घराणी मोठी. ‘के’ सांगाड्याचा वंश १८९९ सालापासूनचा असून अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला पिढ्यान्‌पिढ्या हेच लटकत असे. ‘जे’चा जन्म १९५० सालचा. त्याचे बारसे कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे पोलीसप्रमुखांच्या अधिवेशनात झाले आणि ‘चीफ्स स्पेशल’ हे नावही त्या प्रमुखांनीच मते देऊन ठरवले. इतक्या अधिकारी आत्यांनी मिळून बारसे केलेले दुसरे कोणतेही यंत्र माझ्या माहितीत नाही.

मी दोन्ही हातात घेऊन पाहिली. ‘जे’ सुमारे साडेपाचशे ग्रॅमचे, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढे, आणि ‘के’ एक किलोच्या आसपास. वांगी घेताना मनुष्य हलके वांगे निवडतो, त्याच न्यायाने माझा हात ‘जे’कडे वळला. शिवाय घरी ती पेटी होती. तथापि घाई करू नये म्हणून मी एक आठवड्याची मुदत मागून घेतली, आणि त्या आठवड्यात सासरे सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी येऊन पोहोचले.

सासरे निवृत्तीपूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्रपरवान्यांच्या टेबलावर होते. आयुष्यात त्यांनी रिव्हॉल्वर हाताळले नसले, तरी रिव्हॉल्वरच्या फायली इतक्या हाताळल्या होत्या, की या विषयावर त्यांच्यापुढे बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

“बोअर कोणता, जावईबापू?” त्यांनी चहाचा कप खाली ठेवत विचारले.

“अडतीस,” मी म्हणालो.

“अडतीस? अहो, ते प्रतिबंधित बोअर! आपल्याकडे सामान्य नागरिकाला ते मिळत नाही.”

इथे चालते, असे मी सांगितले. परवाना कोणी दिला, असे त्यांनी विचारले. टेक्सासमध्ये घरात ठेवण्यापुरते घ्यायचे, तर वेगळा परवाना लागत नाही. दुकानात एक केंद्रीय फॉर्म भरायचा आणि दुकानदार तिथल्या तिथे पार्श्वभूमी तपासून घेतो, हे ऐकल्यावर त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग, पोलीस ठाण्याचा अहवाल नाही, तहसीलदारांचा शेरा नाही, तर निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा तरी कुठे करता, असा त्यांचा प्रश्न आला. जमा करत नाहीत, हे उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही. मी कपात आणखी चहा ओतला.

शनिवारी मी, बायको आणि सासरे असे तिघे दुकानात गेलो. जुने रिव्हॉल्वर कसे पारखावे, याचा अभ्यास मी रात्री जागून केला होता, आणि व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर असल्याने खिशात फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पातळ पात्या, घेऊनच निघालो होतो. सर्वप्रथम सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता दंडगोल, बाजूला काढून तो रिकामा आहे, हे पाहायचे. पाहून झाल्यावर पुन्हा पाहायचे. नंतर नळीत उजेड पाडून आतल्या आट्यांवर गंज किंवा खड्डे आहेत का, ते तपासायचे. मग दुकानदाराची रीतसर परवानगी घेऊन, सिलिंडरला बोटाचा हलका अटकाव करत घोडा सावकाश मागे ओढायचा, आणि घोडा पुरता मागे येण्याआधी सिलिंडर आपल्या जागी खट्‌कन अडकतो की नाही, हे कान देऊन ऐकायचे. नाही अडकला, तर गोळी आणि नळी यांची तोंडे एका रेषेत येत नाहीत. त्यानंतर सिलिंडर पुढे-मागे हलवून त्यात ढिलाई किती, हे पाहायचे आणि शेवटी नळीचे मागचे टोक व सिलिंडर यांमधल्या फटीत गेजची पाती सारायची. ही फट इंचाच्या चार ते आठ हजारांशांत असावी. मी ही तपासणी इतक्या गांभीर्याने करत होतो, की मागच्या दोन गिऱ्हाइकांनी मलाच दुकानातला माणूस समजून भाव विचारला.

‘के’च्या नळीच्या टोकाकडचा निळा रंग चामड्याच्या म्यानात घासून उडाला होता, परंतु फट बरोबर सहा हजारांशांची निघाली आणि सगळे सांधे घट्ट होते. कोणा पोलिसाच्या कमरेला वर्षानुवर्षे बसलेले आणि फारसे न झाडलेले हे रिव्हॉल्वर असणार, असे आजोबांचे मत पडले. मोटार विकताना एका डॉक्टरांनी फक्त रविवारी चालवलेली गाडी म्हणून जी कथा सांगतात, तिचाच हा अवतार असावा, असा संशय मला आला. पण फीलर गेजला कथा कळत नाहीत, त्याला फक्त फट कळते. ‘जे’ बाहेरून नवरीसारखे चकचकीत होते. मात्र उजव्या अंगाच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या दिसल्या. आधीच्या मालकाने ते घरी उघडले होते, याचा तो पुरावा. एकदा मिक्सर उघडून जोडताना एक स्क्रू शिल्लक उरवलेला मनुष्य मी स्वतःच असल्याने, घरी उघडलेल्या यंत्राची मला फार धास्ती वाटते. तरीही पेटीची आठवण येऊन मी ‘जे’चीच बाजू लावून धरली.

“आधी चालवून तर पाहू,” बायको म्हणाली.

त्याच दुकानाच्या मागे रेंज होती आणि तिथे या दोन्ही सांगाड्यांची रिव्हॉल्वरे तासाच्या भाड्याने मिळत असत. कानांवर संरक्षक चढवून, सात यार्डांवर चकती लावून, आधी मी ‘जे’ झाडले. हलके ते सोपे, हा माझा सिद्धान्त पहिल्याच गोळीत तळहातावर येऊन आदळला. गोळी तीच, बार तोच, पण धक्का पचवायला वजन अर्धेच. मग उरलेला धक्का हाताने पचवावा लागतो. चाप इतका कडक, की तो ओढता ओढता नळीचे तोंड चकतीवरून भिंतीकडे निघून जाई. लहान नळीवर पुढची आणि मागची नेमखूण जवळ जवळ असते, त्यामुळे केसभर चूक तिथे वीतभर होते. माझ्या पाच गोळ्या एका परातीच्या घेरात विखुरल्या. बायकोने पाचांपैकी दोन कागदावर लावल्या, उरलेल्या तीन कुठे गेल्या याची चौकशी केली नाही आणि रिव्हॉल्वर खाली ठेवून हात झटकला.

मग तिने ‘के’ घेतले. त्याची मूठ तिच्या हाताला मोठी होईल, हा माझा अंदाज होता, आणि तो मी दुकानात बोलूनही दाखवला होता. तिने सावकाश चाप ओढला. ‘के’च्या आत लांब पट्टीची स्प्रिंग असते, ‘जे’मध्ये जागेअभावी गुंडाळीची बसवतात, या पट्टीमुळे चाप लोण्यात सुरी फिरावी तसा येतो. सहाही गोळ्या एका पुरीच्या घेरात बसल्या. सासऱ्यांनी काचेपलीकडून पाहून खिशातला रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. मुलीचा दहावीचा निकाल लागला, तेव्हाही त्यांनी असेच केले होते, असे तिने नंतर सांगितले.

मी अजून एक मुद्दा शिल्लक ठेवला होता. ‘जे’ खिशात मावते, असे मी म्हणालो.

“तू ते खिशात घालून कुठे जाणार आहेस?” तिने विचारले.

मी प्रामाणिकपणे विचार केला. कार्यालय, भाजीचे दुकान, मंडळाचा गणपती, मुलाची फुटबॉलची मॅच. यांपैकी कुठेही रिव्हॉल्वर घेऊन जाण्याची माझी इच्छा नव्हती, आणि निम्म्या ठिकाणी ते नेऊही देत नाहीत. ज्या गुणासाठी मी ‘जे’ मागत होतो, तो गुण मला कधीच लागणार नव्हता. तो फक्त पलंगाखालच्या पेटीला लागणार होता.

फॉर्म भरताना सासरे माझ्या खांद्यावरून वाचत होते. एका रकान्यात खाडाखोड झाली, तेव्हा शेजारी आद्याक्षरे करा, असे त्यांनी सवयीने बजावले. तपासणी निर्विघ्न पार पडली आणि ‘के’ घरी आले.

त्याची लांबी सव्वानऊ इंच भरली. पेटी साडेआठची. मी कागद घेऊन बसलो. साडेआठ आणि सहा यांचा कर्ण जवळजवळ साडेदहा इंच येतो, तेव्हा तिरके ठेवल्यास मावायला हरकत नव्हती. पण पायथागोरसच्या कर्णाला मूठ नसते. त्याच संध्याकाळी दुप्पट किमतीची मोठी तिजोरी आणली आणि पलंगाखालचे बोल्ट काढून लहान पेटी परत करायला निघालो, तर जमिनीत बोल्टांनी बसवलेला माल परत घेत नाहीत, असे समजले.

ती पेटी आता सासऱ्यांच्या खोलीत आहे. तीत ते रक्तदाबाच्या गोळ्या, पासपोर्ट आणि परतीचे तिकीट ठेवतात, आणि तिचा आकडा कोणालाही सांगत नाहीत.