पाच मिनिटांचं काम!

परत तेच! डिस्क ९८ टक्के भरली की साहेबांचा फोन: "अरे, नवीन डिस्क लावलीये ना, डेटाबेस तिकडे टाक की. पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटं? नुसती कॉपी व्हायलाच दोन तास लागतात, आणि तोवर सर्व्हर बंद ठेवावा लागेल म्हटलं की यांचं तोंड वाकडं.

बरं, कॉपी झाली. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगमध्ये डेटाडिरचा, म्हणजे डेटा ठेवायच्या फोल्डरचा, पत्ता बदलला. फोल्डरची मालकी बदलली, परवानग्या तीनतीनदा तपासल्या. सुरू केलं तर लॉगमध्ये ढळढळीत 'एररकोड १३, परमिशन डिनाइड'. अरे बाबा, दिली ना परमिशन! रात्री साडेबाराला ट्यूब पेटते: सर्व्हरच्या उबुंटू ऑपरेटिंग सिस्टीमवर ॲपआर्मर नावाचा रखवालदार बसलाय आणि त्याच्या वहीत जुनाच पत्ता आहे. फोल्डर कुणाच्या मालकीचा, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. वहीत नाव नाही, आत सोडणार नाही. त्या वहीत, म्हणजे प्रोफाइलमध्ये, दोन ओळी लिहिल्या, ते रीलोड केलं, झालं सुरू. दरवेळी हेच होतं आणि दरवेळी मी हेच विसरतो, ही माझी अक्कल.

मागच्या खेपेला तर एफएसटॅबमध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, डिस्कची नोंदच कुणी केली नव्हती. सर्व्हर रीबूट झाला, डिस्क माउंट नाही, फोल्डर रिकामा. सकाळी सातला फोन: "डेटा उडाला का रे?" उडाला नाही हो, डिस्कच जोडली गेली नाहीये! पण ते कळेपर्यंत पोटात गोळा माझ्याच आला होता.

आता म्हणतायत, बॅकअपही तिसऱ्या डिस्कवर हलवू. पाच मिनिटांत.