पक्षी बघायला जाताय? डोळ्यांवर विसंबू नका

पक्षी दोन डोळ्यांनी दिसतात, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. 8×42 ची दुर्बीण घ्या. 8 म्हणजे आठपट मोठं आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास, हे पाठ करून ठेवा. शेजारच्याच्या गळ्यात 10×42 असेल तर ‘फार हलतं हो त्यात’ म्हणायचं. त्यानं स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची छोटी दूरदर्शक नळी, उघडला, तर मात्र गप्प बसायचं. पुढे 600 मिमीची लेन्स, ती पेलायला ट्रायपॉड, आणि ट्रायपॉड पेलायला गाइड. कपडे फौजी छापाचे, म्हणजे पक्ष्यांना तुम्ही दिसत नाही. शटरची कडकड आणि ‘कुठंय, कुठंय’ तेवढं ऐकू येतं.

गाइडला पहाटेच यादी द्या. पक्षी स्वतःहून येईल याची वाट बघायला तुम्ही पैसे मोजलेले नाहीत, तेव्हा मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवायला सांगा. विणीचा हंगाम असेल तर उत्तमच. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. बिचारा खाणंपिणं सोडून धावत येतो, पिसं फुलवतो, या फांदीवरून त्या फांदीवर शत्रू शोधत फिरतो. तुम्ही म्हणायचं, ‘किती छान पोज देतोय!’ मागचा ग्रुप रांगेत उभा आहेच, त्यांच्याही मोबाइलमध्ये तोच शत्रू आहे.

एवढी धावपळ नको असेल तर पैसे भरून हाइडमध्ये, म्हणजे लपून पक्षी बघायच्या आडोशात, बसा. समोर शेवाळलेली फांदी रोवलेली असते, तिच्या खाचेत अळ्या ठेवलेल्या असतात. फोटोखाली ‘नैसर्गिक अधिवासात’ लिहायला विसरू नका. अळी मात्र क्रॉप करा.

पक्षी दिसताक्षणी मान खाली घालून मोबाइलमध्ये ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर नोंद करा. मान वर कराल तोवर तो उडालेला असेल. हरकत नाही, लायफर झाला, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत एक वाढला. चिमणीकडे ढुंकूनही बघू नका, ती केव्हाच टिक झाली आहे.

जगात पक्ष्यांच्या साधारण 11 हजार जाती आहेत, म्हणजे खर्चाला वाव आहे. पण दरवेळी विमानच लागतं असं नाही. शास्त्रज्ञ अधूनमधून एका जातीच्या दोन करतात आणि जुन्या सहलींच्या जोरावर घरबसल्या आकडा वाढतो. कधी उलटही होतं. 2024 साली अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीनं रेडपोल या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या तीन जातींची एकच केली आणि काहींच्या यादीतले दोन पक्षी जागच्या जागी गेले. अशा वेळी ‘हे संशोधन अजून वादातच आहे’ असं ठणकावून सांगायचं आणि जुनाच आकडा लावून धरायचा.