आईला बसवून ठेवलं, तिथे आम्ही चुकलो

आई पडली तेव्हा फरशी कोरडी होती. हे आधीच सांगते, कारण भेटायला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला, "पाणी सांडलं होतं का?" नव्हतं सांडलं. आई चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येत होती. गॅलरीतून शेजारच्या वहिनींनी हाक मारली आणि त्याच क्षणी मागे कुकरची शिट्टी झाली. आईने मान मागे वळवली आणि पाय उंबऱ्याला अडकला. गिरगावातल्या आमच्या चाळीतला हा उंबरा आई लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे पन्नासएक वर्षं ओलांडते आहे.

मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. "मनगटावर निभावलं, खुब्यावर आलं नाही, हेच नशीब," असं सगळे म्हणाले आणि ते खरंही होतं. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आणि मग परत न उठलेली माणसं आमच्या चाळीने पाहिली आहेत.

त्यानंतर आम्ही जे केलं त्याबद्दल मला लिहायचं आहे. आम्ही तिला बसवलं, अगदी प्रेमाने बसवलं. भाजी मी आणते, तू जिना उतरू नकोस. पाणी दादा भरेल. देवळात जायचं असेल तर रविवारी, कुणीतरी सोबत असेल तेव्हा. रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासाला जायचं तर मला उठव. तीन महिन्यांत आईच्या पोटऱ्या माझ्या डोळ्यांदेखत बारीक झाल्या. आधी जी बाई पाटावरून हात न टेकता उठायची, ती खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावू लागली. चालताना भिंत चाचपायची, नजर पायाशी, पाऊल एवढंसं. "पडेन गं मी," हे दिवसातून दहादा. आम्हाला वाटायचं, बरं आहे, जपून राहते आहे.

प्लॅस्टर निघाल्यावर मनगटासाठी एक फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "काकू, हात राहू दे, गॅलरीत थोडं चालून दाखवा." आई चालू लागली. बाई शेजारून चालत होत्या. मध्येच त्यांनी सहज विचारलं, "काल रात्री काय जेवलात?"

आई थांबली. दोन्ही पाय जुळवून जागच्या जागी उभी राहिली, विचार केला, "मुगाची खिचडी," म्हणाली आणि मग पुढे चालू लागली. मी दारात उभी होते, मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. बाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बघितलंत ना? आता मनगटाइतकंच याच्यावर काम करायचं."

बोलायची वेळ आली की चालणं थांबतं, हे लक्षण स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली 'द लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत त्यांना दिसलं की जे बोलण्यासाठी थांबतात ते पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता खूप जास्त असते. कारण ऐकलं की पटतं. आपल्याला वाटतं चालणं आपोआप होतं, पण तोल सांभाळायला मेंदू सतत खपत असतो. डोळे, कानातला तोलाचा अवयव, तळपायाची जाणीव, या सगळ्यांचा हिशोब तो मांडत असतो. तरुणपणी त्यातून उरलेलं लक्ष हाकेला, शिट्टीला, फोनला देता येतं. वय झालं की ती शिल्लक कमी होते. आईच्या वाट्याला त्या दिवशी कप, हाक आणि शिट्टी एकदम आली, आणि उंबऱ्यासाठी काही उरलंच नाही. मला तर वाटतं, भीतीही त्याच शिलकेवर डल्ला मारते. "पडेन, पडेन" हा जप मनात चालू असेल तर समोरच्या पायरीकडे लक्ष कुठून जाणार?

म्हणून व्यायाम पायांचा आणि डोक्याचा एकत्र. पहिला महिना फक्त पाय. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठणं-बसणं. ओट्याला धरून टाचा उचलणं, मग चवडे उचलणं. ओट्यापाशीच एका पायावर उभं राहणं, सुरुवातीला तीन सेकंद, आता पंधरा. फरशीच्या रेषेवर एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच टेकवत चालणं. पाय जरा भरवशाचे झाल्यावर दुसरा भाग सुरू झाला. चालता चालता पाढे म्हणायचे. आईला एकोणतीसपर्यंतचे पाढे अजून तोंडपाठ आहेत, त्यामुळे त्यात मेंदूला काही कष्टच नव्हते. मग बाईंनी सांगितलं, दादरपासून चर्चगेटपर्यंतची स्टेशनं म्हणा, आणि मग उलटी म्हणा. जाताना सुलट नीट जमायचं. येताना मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ इथवर आलं की एल्फिन्स्टन हे जुनं नाव म्हणायचं की प्रभादेवी हे नवं, इथे आई अडखळायची आणि पाय पुन्हा थांबायचे. "थांबायचं नाही काकू, चुकलं तरी चालेल, पाय चालू ठेवा." पहिल्या आठवड्यात रोज थांबली. साधारण दीड महिन्याने एक दिवस स्टेशन चुकलं, पण पाय थांबले नाहीत. त्या दिवशी मला रडू आलं.

हे सगळं भिंतीजवळ, शेजारी माणूस ठेवून, डॉक्टरांना विचारून करायचं. आणि हा सराव घरातला. रस्त्यावर उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून चालताना फोन आला तर आधी थांबायचं, मग बोलायचं, हेही बाईंनी तितक्याच ठामपणे सांगितलं.

इथे माझ्या ओळखीच्या बऱ्याच काका-काकूंना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. "आम्ही रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो, आम्हाला कशाला?" फेऱ्या माराच, हृदयाला, साखरेला, मनाला त्या चांगल्याच. पण पडणं टाळायला नुसतं सपाट रस्त्यावर चालणं पुरतं, असा भक्कम पुरावा नाही. २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात २३ हजारांहून जास्त ज्येष्ठ होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, पण तो मुख्यतः तोलाचा आणि रोजच्या हालचालींचा व्यायाम होता. नुसत्या चालण्याबद्दल त्यांना खात्रीने काही म्हणता आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करायला सांगते. तसंच खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवण्याचं. ते जरूर सोडवा, पण माझ्या मते पडण्यापासून वाचायचं तर डोकं उभ्याने, पायांवर भार असताना चालवायला हवं.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग जिनिव्हातला आहे. तिथे पासष्टीपुढच्या १३४ जणांवर, त्यात जवळजवळ सगळ्या बायकाच, एक चाचणी झाली. आठवड्यातून एक तास पियानोच्या तालावर चालायचं, ताल बदलला की पावलं बदलायची, मध्येच हातात वस्तू घेऊन काही करायचं. सहा महिन्यांत या गटाचं पडणं हा व्यायाम न केलेल्या गटाच्या साधारण निम्म्यावर आलं. २०११ साली ते छापून आलं. वाचताना मला सारखी मंगळागौर आठवत होती. गोल फेर, टाळीचा ताल, गाण्याचे शब्द तोंडात, शेजारणीच्या पावलाकडे लक्ष, मध्येच दिशा बदलायची. पाय आणि डोकं दोन्ही कामाला लावणारा हा व्यायाम आपल्या आज्या श्रावणात रात्र रात्र जागून करत होत्या. सत्तरीत फुगडी घाला असं मी मुळीच म्हणत नाही. गरगर फिरण्याचे, वाकण्याचे खेळ सोडून द्या. पण साधा टाळ्यांचा फेर आणि झिम्म्याची सोपी पावलं बारा महिने का करू नयेत? श्रावण संपला की मंडळांचे सराव बंद पडतात, त्याचं मला वाईट वाटतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना एकदा नीट दाखवा, "पडण्याच्या दृष्टीने बघा" असं स्पष्ट सांगून. स्वतःहून बंद करू नका. रात्री उठल्यावर लगेच चालू लागायचं नाही, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं. आईचे सगळे गाऊन मी दोन बोटं आखूड करून घेतले. पायपुसणं रबरी तळाचं आणलं. उंबऱ्याच्या कडेवर पिवळी पट्टी रंगवली, ती आधी तिला आवडली नव्हती.

आणि एक मागणी. आपल्याकडे गणपतीत, नवरात्रात मंडळं साखर तपासतात, डोळे तपासतात. त्याच मांडवात एक खुर्ची ठेवा, तीन मीटरवर खडूने रेघ मारा. ज्येष्ठाने खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं मानतात, मग त्यांना पुढे फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचं. खर्च शून्य, लागणारा वेळ मिनिटभर. शेजारी धरायला एक धट्टाकट्टा मुलगा तेवढा उभा हवा.

आमच्या चाळीच्या चौकात रविवारी सकाळी साडेआठला आम्ही हे करतो आहोत. घड्याळ माझ्या हातात असेल, खडू आईच्या. आसपासच्या वाड्यांतल्या कुणाला आई-वडिलांना आणायचं असेल तर खाली लिहा. जिना उतरवायला दादा आणि त्याचे मित्र येतील.