काकू, नोटीस कसली मागता?

ठाण्यात घरी पाळणाघर चालवत असाल तर एक गोष्ट मनाशी पक्की करा. मूल काढून घेतात ते महिन्याच्या शेवटच्या रात्री, जेवणंखाणं उरकल्यावर, व्हॉट्सॲपवर. ‘काकू, उद्यापासून पिल्लू येणार नाही. आईंना गावाहून बोलावलंय. थँक यू सो मच.’ पुढे जोडलेले हात.

उत्तर एकच द्यायचं : ‘अरे वा, आजी आल्या, छानच झालं!’ ‘महिन्याची नोटीस ठरली होती’ हे टाइप झालं असेल तर लगेच पुसा. नोटीस परक्यांना द्यायची असते, तुम्ही तर घरच्या.

घरचं असणं म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. घोडबंदर रोडवर ट्रॅफिक लागला आणि न्यायला यायचे सातचे साडेआठ झाले, तर तुम्ही घरच्या. मूल तापाने फणफणलंय, तरी ‘औषध पाजलंय काकू, आज ऑफिसात ऑडिट आहे’ म्हणून दारात सोडलं, तर तुम्ही अगदी घरच्या. दिवाळीला चार दिवस कुलूप लावलंत की मात्र ‘आम्ही फी पूर्ण महिन्याची भरतो ना?’ आणि सोडून जाताना परत घरच्या, कारण घरच्यांशी कोण हिशेब करतं?

तेव्हा तुम्हीही करू नका. सहा मुलं सांभाळता, त्यातलं एक गेलं म्हणजे सहावा हिस्सा गेला, असली गणितं डोक्यात आणू नका. मदतीच्या मावशींचा पगार एक षष्ठांशाने कमी होत नाही. मुलं पाच असली तरी त्यांना दिवसभर यावंच लागतं. गेल्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला तुम्ही ‘जागा नाही हो’ म्हणून परत पाठवलंत. त्यांनी दुसरीकडे पैसे भरले. हे सगळं पिल्लूच्या बाबाला सांगायचं नाही. त्याला वाईट वाटेल, आणि तो ऐरोलीहून दमून आलेला असतो. त्याच्या कंपनीत नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आहे, तो निमूटपणे भरल्याशिवाय त्याला नोकरी सोडता येत नाही. बिचाऱ्याला निदान एका ठिकाणी तरी मोकळेपणाने निघू द्या.

जूनचं दुखणं वेगळं. शाळेचा प्रवेश हिवाळ्यातच झालेला, गणवेशाचं माप एप्रिलमध्ये दिलेलं, व्हॅनवाल्या काकांची मे महिन्याचीही फी चुकती केलेली (मे महिन्यात व्हॅन कुठे जाते, हे कुणी विचारत नाही). तुम्हाला कळतं शाळेच्या आदल्या दिवशी. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, राहून जातं एखादं.

कधी कारण येतं, ‘ऑफिसातच क्रेश सुरू झालंय.’ हे खरंही असू शकतं. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावीच लागते. तुमच्या रिकाम्या जागेचं काय, हे त्या दुरुस्तीत शोधत बसू नका.

तशी कायद्याची भानगड नकोच. 1872 चा करार कायदा तोंडी ठरलेलंही मानतो, पण ते सिद्ध करावं लागतं. ‘हो काकू, एक महिना आधी सांगू’ असा त्यांचा मेसेज फोनमध्ये पडलेला असेल, तर आधी तो डिलीट करा, उगाच पुरावा व्हायचा. छापील फॉर्मवर सही घेणं, प्रवेशालाच एक महिन्याची फी अनामत ठेवून ती शेवटच्या महिन्यात वळती करणं, असले प्रकार भाड्याच्या घराला शोभतात. तिथे अनामत देताना यांचा हात जराही आखडत नाही, ते सोडा.

पिशवी मात्र नीट भरून द्या. अर्धं डायपरचं पाकीट, एकच मोजा, नाव कोरलेली वाटी, आणि झोपताना गालाशी धरायचं ते मऊ फडकं, धुऊन, घडी घालून. न्यायला वॉचमन येईल. ‘हा दुपारी पायावर थोपटल्याशिवाय झोपत नाही’ वगैरे चिठ्ठी लिहू नका. दोन वाजता आईचाच फोन येईल, मागे रडण्याचा आवाज असेल. तेव्हा सांगा, पायावर उताणा नाही, कुशीवर घ्यायचा. या सल्ल्याचे पैसे नसतात, घरचंच आहे.

मग एक दिवस आजींचे गुडघे धरतात, किंवा गावाकडची भातलावणी येते. ‘काकू, सोमवारपासून पाठवू का पिल्लूला? आणि महिना अर्धा झालाय, तर फी अर्धीच ना?’

हो म्हणा. अर्धीच.