ठाण्यात वळतो, वाशीत वळत नाही: बोलिंग बॉलच्या लेआउटबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडे ड्रिल केलेला नवा, लेनवर पकड घेणाऱ्या आवरणाचा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल ठाण्याच्या मॉलमधल्या लेनवर मस्त हुक होतो, म्हणजे शेवटी वळतो, पण वाशीच्या स्पर्धेत पिनांपर्यंत सरळच गेला, म्हणजे लेआउट (बॉलवर भोकं नेमकी कुठे पाडायची ते) चुकला. तुमच्या मित्राचा त्याच मॉडेलचा बॉल त्याच दिवशी वळत होता. आणि भोकं बुजवून नव्यानं ड्रिल करायचे आम्ही पैसे सांगितले, बाजूला जादा भोक पाडायला तर सरळ नकार दिला. म्हणून दोन स्टार.

स्पर्धेची फी भरून, सुट्टी टाकून गेलेल्या माणसाचा बॉल ऐन वेळी वळला नाही तर किती जीव जळतो, हे मी दुकानात रोज पाहतो. पण खापर लेआउटवर फुटतंय आणि ती जागा चुकीची आहे. हे वाचून उद्या आणखी कुणी चांगला बॉल बुजवायला आणेल, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

तुमच्याच फोटोपासून सुरुवात करू. वाशीच्या गेमनंतर बॉल पुसायच्या आधी तुम्ही तो काढलाय, हे फार चांगलं केलंत. त्यात बॉलवर तेलाच्या रेघा दिसतात. त्या एकमेकींवर बसलेल्या नाहीत, सुट्या सुट्या आहेत, आणि दोन ठिकाणी एकत्र येतात. याचा अर्थ बॉल लेनवरून जाताना प्रत्येक फेरीला आपला कोरडा, ताजा भाग खाली आणत होता. याला आम्ही फ्लेअर म्हणतो, आणि लेआउटचं मुख्य काम तेच. ते काम तुमचा बॉल करत होता. रेघा एकाच जाड पट्ट्यात आल्या असत्या, किंवा अंगठ्याच्या भोकावरून गेल्या असत्या, तर तुमच्या आधी मीच बॉल परत मागितला असता.

आता त्याच फोटोत रेघांच्या वर बघा. छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉलवर स्पष्ट दिसतंय, कडा मोजता येतील इतकं. बॉल तुम्हाला दिला तेव्हा त्यावर २००० ग्रिटच्या, म्हणजे बारीक घासणाऱ्या पॅडचं फिनिश होतं. त्यावर ट्यूब अशी दिसत नाही, नुसता धूसर उजेड पडतो. खेळून खेळून प्रत्येक घासलेला बॉल गुळगुळीत होत जातो. लेन स्वतःच त्याला पॉलिश करते. बॉलचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे, यावर त्याचं वागणं इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त ठरतं. अमेरिकेतल्या यूएसबीसीनं, म्हणजे तिथल्या बोलिंगच्या नियामक संस्थेनं, बॉलच्या हालचालीवर मोठा अभ्यास केला, त्यातही पृष्ठभागाचा खडबडीतपणा सगळ्यात वरच्या कारणांत निघाला. कोअर (बॉलच्या आतला वजनाचा गाभा) आणि लेआउट त्यानंतर.

मग तोच चकचकीत बॉल ठाण्यात का वळला? कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल: पावडर असेल तिथे स्ट्रायकर सरकतो, नसेल तिथे अडकतो. लेनवर पावडरीच्या जागी तेल. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेपासून, पहिली पिन ६० फुटांवर, रुंदीत ३९ बोर्ड, म्हणजे उभ्या पट्ट्या. रोजच्या खेळासाठी तेलाचा जो हाउस पॅटर्न घालतात तो साधारण ३८ ते ४२ फुटांपर्यंत जातो, आणि मधल्या बोर्डांवर बाहेरच्यापेक्षा आठ-दहा पट तेल असतं. बॉल जरा बाहेर गेला तरी कोरडी जागा त्याला परत खिशात, म्हणजे पहिल्या पिनेच्या बगलेत, आणते. त्यात तुम्ही जाता संध्याकाळी, तेव्हा कडेचे बोर्ड आणखी कोरडे झालेले असतात. अशा लेनवर गुळगुळीत बॉल पुढे सुखात सरकतो आणि शेवटच्या टप्प्यात झटकन वळतो. ते दिसायला सुंदर दिसतं, आणि बॉल जोरदार आहे असं वाटतं. प्रत्यक्षात जोर लेनचा असतो.

वाशीचा पॅटर्न ४४ फुटांचा होता. तुम्ही टाकलेल्या कागदावरच छापलंय. शिवाय तो सपाट होता, मधलं आणि बाहेरचं तेल यांत फार फरक नाही. स्पर्धांसाठीच्या स्पोर्ट पॅटर्नमध्ये हे प्रमाण तिनास एक किंवा त्याहून कमी ठेवतात, म्हणजे बाहेर गेलेल्या बॉलला कुणी सावरत नाही. एक साधा हिशोब लक्षात ठेवा: पॅटर्नच्या फुटांतून ३१ वजा करा, तेल संपतं तिथे बॉल साधारण उजव्या कडेपासून मोजलेल्या त्या बोर्डावर असावा. ३८ फुटांना सातवा बोर्ड. ४४ फुटांना तेरावा. व्हिडिओत तुम्ही ठाण्याच्या सवयीनं लेनवर काढलेल्या दुसऱ्या बाणावरून, म्हणजे दहाव्या बोर्डावरून बॉल बाहेर सोडताय आणि तो सहाव्या-सातव्या बोर्डापर्यंत जातोय. ४४ फुटांवर तिथून परत यायला लेनच उरत नाही. पाय डावीकडे नेऊन तिसऱ्या बाणाजवळून, कमी कोनात खेळायला हवं होतं. कुठलाही लेआउट हे अंतर भरून काढत नाही.

आता मित्राच्या बॉलबद्दल, कारण रिव्ह्यूमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. मॉडेल एक, पिनही (इथे पिन म्हणजे कोअरची जागा दाखवणारा बॉलवरचा रंगीत ठिपका) बोटांच्या वरच, म्हणून लेआउट एकच, असं तुम्ही धरलंय. पण लेआउट भोकांपासून मोजत नाहीत, पीएपीपासून मोजतात. हातातून सुटल्या क्षणी बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक म्हणजे पीएपी, आणि ते प्रत्येकाचं वेगळं. तुमचं काढताना आपण बॉलवर पांढरी टेप चिकटवून थ्रो घेतले होते, आठवत असेल. टेप हलायची थांबली ती जागा ग्रिपच्या मध्यापासून पाच इंच उजवीकडे आणि अर्धा इंच वर निघाली. कार्डावर लिहून ठेवलंय. समजा मित्राचं टोक चार इंचांवर आहे. त्याच्या बॉलवरची भोकं जशीच्या तशी तुमच्या बॉलवर उतरवली असती, तर तुमचं पिन ते पीएपी अंतर त्याच्यापेक्षा जवळजवळ इंचभर बदललं असतं. बॉल दिसायला जुळे, वागायला परके.

तुमच्यासाठी ते अंतर साडेचार इंच ठेवलं. फ्लेअर सगळ्यात जास्त मिळतो ३ ३/८ इंचाला. शून्याकडे किंवा पावणेसात इंचांकडे जावं तसा तो कमी होतो. साडेचार ठरवलं कारण तुम्ही मुख्यतः ठाण्यातच खेळणार असं म्हणाला होतात, आणि त्या कोरड्या लेनवर जास्त फ्लेअरचा बॉल लवकर पकड घेऊन पिनांपर्यंत दम संपवून बसतो. तुमच्या थ्रोचा वेग आणि फिरकी बघूनही तेच योग्य होतं. मित्र बॉलला तुमच्यापेक्षा बरीच जास्त फिरकी देतो. तुमच्याच व्हिडिओत शेजारच्या लेनवर त्याचा बॉल किती वेळा उलटतो ते हळू करून बघा. "माझ्या हाताला दोष दिला" असं तुम्ही लिहिलंय. दोष कुणीच दिला नाही. कमी फिरकीचे आणि अचूक खेळणारे बॉलर उत्तम स्कोअर करतात, त्यांना फक्त पृष्ठभाग लेनप्रमाणे बदलावा लागतो.

जादा भोकाचं थोडक्यात सांगतो. पूर्वी बाजूला बॅलन्स होल, म्हणजे वजन तोलायचं जादा भोक, पाडायचे, तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलं ते खोटं नाही. पण १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या नियमांत ते बंद आहे. बॉलवरचं प्रत्येक भोक पकडीसाठीच असायला हवं, आणि त्याबदल्यात वजनाच्या असमतोलाची मर्यादा ३ औंसांपर्यंत वाढवली. मी ते भोक पाडलं असतं तर ते नियम पाळणाऱ्या स्पर्धेत तुमचा बॉल तपासणीच्या टेबलावरच बाद झाला असता.

भोकं बुजवायचे पैसे सांगितले, कारण त्यात सामान लागतं, ते पूर्ण घट्ट व्हायला वेळ जातो आणि मग सगळं माप पुन्हा. पण पैशांपेक्षा माझा आक्षेप वेगळा आहे. साडेचारचे ३ ३/८ केले तरी वाशीच्या तेलावर हा चकचकीत बॉल थोडाच आधी वळला असता, आणि ठाण्यात मात्र तुम्हाला आज आवडतो तो शेवटचा झटका गेला असता. दुसरा बॉल घ्या असंही मी म्हणणार नाही, आत्ता गरज नाही.

दोन बॉल किंवा दोन लेआउट यांची तुलना करायची तर लेन तीच, वेळ तीच, दोन्ही बॉलचं फिनिश सारखं, आणि टाकणारा हात एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ठाण्याचा मंगळवार आणि वाशीचा रविवार यांची तुलना बॉलबद्दल काहीच सांगत नाही. आणि हाउस बॉल, म्हणजे मॉलमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेले बॉल, बहुतेक प्लास्टिकचे असतात, ते तेल शोषत नाहीत, पुढे ओढत नेतात. त्यामुळे गर्दीच्या दिवशी ठाण्यातलीच लेन पिनांकडच्या टोकाला निसरडी होते, हेही ध्यानात ठेवा.

तर बॉल घेऊन या. आधी तो आतपर्यंत साफ करू, मग १००० आणि त्यावर २००० चा पॅड फिरवू. आमच्याकडे ड्रिल झालेल्या बॉलला याचे पैसे आम्ही घेत नाही. मित्रालाही त्याचा बॉल घेऊन बोलवा. त्याचा पीएपी मोजू, आणि सकाळी ताज्या तेलावर दोघांनी दोन्ही बॉल टाकून बघा. भोकांची मापं जुळणार नाहीत, म्हणून त्यातले थोडेच थ्रो खरे मानायचे. लांब पॅटर्नवर त्यानंतरही बॉल कमी पडला तर लेआउट बदलायचा निर्णय तुमचा, तेव्हा मी अडवणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं. बॉल गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून आणू नका, तापलेल्या डिकीतून एसीत नेलेल्या बॉलला तडा जाऊ शकतो.