वरचं खाली, डावं उजवीकडे

कंपासपेटीत कंपास सोडून सगळं सापडतं. चिंचोके, बसचं जुनं तिकीट, वास घ्यायचं खोडरबर आणि खोडायचं खोडरबर. गुण्या असतो, पण त्याचा एक कोपरा कुठल्याशा लढाईत कामी आलेला. मोजपट्टीचा शून्याकडचा तुकडा कुणीतरी चावून संपवलेला. मग मुलं १ पासून मोजतात आणि शेवटी एक मिळवायला विसरतात. मी ४ सेंटिमीटरची रेष काढायला सांगितली, तर निम्म्या वर्गाची ३ सेंटिमीटरची आली आणि उरलेल्यांनी ती त्यांच्याकडे बघून काढली.

हा वर्ग माझ्या नशिबी आला तो पुतणीमुळे. ती एका शाळेत चित्रकला शिकवते आणि मी पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर वाकलेलो. “काका, नववीची मुलं चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतायत. भूमितीच्या पेपरला घाबरतात हो. तुम्ही नुसती साधनं दाखवा, दोनच तास.” निवृत्त माणसाकडे लोक नेहमी दोनच तास मागतात.

सुरुवात पेन्सिलीपासून केली. एच म्हणजे कठीण, बी म्हणजे काळीभोर. आखणीला २एच, ठळक करायला एचबी. १७९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कोंते नावाच्या गृहस्थाने ग्रॅफाइटमध्ये माती कालवून भाजली. माती जास्त तर पेन्सिल कठीण, कमी तर मऊ, असं सगळं रंगवून सांगितलं. मागच्या बाकावरून हात वर आला. “सर, माती स्वस्त असते. मग २एच महाग का?” ड्रॉइंग ऑफिसात असं विचारणारे पुढे परचेस खात्यात जातात.

आखणीची रेष हलकी हवी, जेमतेम दिसावी, हे मी चार तऱ्हांनी सांगितलं. पण आपल्याकडे पोरांना पहिलीपासून ‘दाबून लिही’ हेच बाळकडू. एकाची रेष खालच्या तीन कागदांवर उमटली होती. म्हटलं, बरं झालं, पुढच्या तीन आकृत्यांची आखणी फुकटात झाली.

मग कंपास. सुईचं टोक पेन्सिलीच्या टोकापेक्षा किंचित पुढे ठेवायचं, स्क्रू आवळायचा, पाय न धरता वरची मूठ धरायची आणि एका दमात फिरवायचं. कागदावरचं वर्तुळ सोपं असतं. मुलांचं वर्तुळ निघालेल्या ठिकाणी परत येतच नाही. स्क्रू वाटेत सैल होतो आणि ४ सेंटिमीटर त्रिज्येने निघालेली रेष सव्वाचारने घरी पोचते. मध्यबिंदूला तोवर विहीर पडलेली असते. वर्तुळात षट्कोन काढायचा तर त्रिज्येएवढंच अंतर परिघावर सहा वेळा घ्यायचं, कारण आत सहा समभुज त्रिकोण बसतात. पण दर पावलाला अर्धा मिलिमीटर घसरलं की सहाव्या पावलाला ३ मिलिमीटरचं फाटक उघडं राहतं. एका मुलीचा षट्कोन मात्र चोख मिटला होता. मी शाबासकी द्यायला वाकलो.

“कसा जमवलास गं?”

“सर, सुरुवातच थोडी पुढे नेली.”

कर्कटकाबद्दल शिकवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. अंतर उचलून दुसरीकडे ठेवणं हे त्याचं काम असं मी सांगितलं आणि वर्ग माझ्याकडे दयेने बघत राहिला. त्याचं खरं काम प्रत्येक बाकावर कोरलेलं होतं. बाकावर सोसणाऱ्यांनीही त्याला दुजोरा दिला असता.

गुण्यांनी जरा अब्रू राखली. ४५ चा आणि ३०-६० चा जोडीने लावले की १५, ७५, १०५ असे कोन मिळतात, एक दाबून धरला आणि दुसरा सरकवला की समांतर रेषा पडत जातात, हे पाहून वर्ग प्रथमच गप्प झाला. कोनमापकाने ते सुख हिरावून घेतलं. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, आणि मूल नेमकी नको ती वाचतं. त्यामुळे ६० चा कोन १२० चा होऊन अंग टाकून पसरतो.

शेवटी डस्टर उभा ठेवला आणि ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन, म्हणजे एकाच वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी सपाट दृश्यं, काढलं. समोरून दिसतं ते एलिव्हेशन, वरून दिसतो तो प्लॅन. आपल्याकडे फर्स्ट अँगल नावाची पद्धत, त्यामुळे प्लॅन एलिव्हेशनच्या खाली येतो.

“वरून दिसतं ते खाली का काढायचं?”

वस्तू डोळा आणि प्रतल, म्हणजे चित्र उमटतं तो सपाट पृष्ठभाग, यांच्या मधे असते, वरून पाहिलेलं तिच्या पलीकडे खाली पडतं, मग प्रतलं उलगडून सपाट करायची. मी वही उघडून, मिटून, उभी धरून दाखवलं. डावीकडून पाहिलेलंही असंच उजवीकडे जातं. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो, तिथे प्रतल मधे येतं, म्हणून वरचं वर आणि डावीकडचं डावीकडेच. हे सांगायला नको होतं.

“सर, मग आपणच उलटं का करतो?”

“भारतीय मानक ब्यूरोचं तसं पुस्तक आहे. खास शाळा-कॉलेजांसाठी. एसपी ४६.”

नियम छापील आहे म्हटल्यावर वर्ग शांत झाला. नववीपर्यंत एवढी समज येतेच.

गृहपाठ दिला: घरातल्या कुठल्याही वस्तूची तीन दृश्यं. पुढच्या आठवड्यात पुतणीने कागदांचा गठ्ठा आणून दिला. त्यात पाण्याच्या टाक्या होत्या, डबे होते आणि एका कागदावर मी होतो. एलिव्हेशनमध्ये चष्मा, खिशातलं पेन तुटक रेषेत, कारण न दिसणारी कड तुटक दाखवायची असते. प्लॅन बरोबर खाली: एक स्वच्छ, पूर्ण मिटलेलं वर्तुळ, मधोमध लांब-आखूड मध्यरेषा, व्यास १८०. एकक लिहिलं नव्हतं, मिलिमीटर गृहीत धरायचे असतात.

पुतणी तोंडाला पदर लावून म्हणाली, “काका, याला मार्क किती देऊ?”

डावीकडून दिसणारा माझा कान त्याने डावीकडेच काढला होता. एक मार्क कापायला सांगितला.